उबुंटू २४.०४ वर गेल्यापासून आवाज गायब, आणि लॅपटॉप लहर लागेल तेव्हा सुरू होतो

पेटीवाली_मिरज

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, कारण मागे एकदा इथेच 'नीट माहिती देत जा' असं ऐकून घ्यावं लागलंय.

मी मिरजेत हार्मोनियम आणि गायनाचे वर्ग घेते. निम्मी मुलं घरी येतात, निम्मी ऑनलाइन, त्यातली काही परदेशात. लॅपटॉप २०१९चा, इंटेल आय५, आठवी पिढी, ८ जीबी रॅम. घेतला तेव्हाच डिस्क एन्क्रिप्ट करून उबुंटू १८.०४ हे लिनक्स टाकून घेतलं होतं, मग २०.०४, मग २२.०४ असं पायरीपायरीनं वर चढत आले. कधी तक्रार नव्हती. यूएसबी हबवर दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (एक माइक पेटीला, एक गळ्याला) आणि रेकॉर्डिंगची बाहेरची हार्ड डिस्क, एवढाच संसार.

रविवारी २४.०४ चा अपग्रेड लावला. सगळं उतरवून झालं, पॅकेजं बसायला लागली आणि लाईट गेली. बॅटरी आता नावापुरतीच आहे, लॅपटॉप लगेच बंद. लाईट आल्यावर बघते तर काळ्या पडद्यावर 'कर्नेल पॅनिक', आणि त्यात 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)' अशी ओळ. भाचा पुण्यात नोकरीला आहे. त्यानं फोनवरून ग्रबच्या, म्हणजे सुरू होतानाच्या मेनूत नेलं, तिथून जुना ५.१५ कर्नेल (सिस्टमचा गाभा) निवडला, लॅपटॉप सुरू झाला. मग त्यानं स्क्रीन शेअर करून बरीच साफसफाई केली. बूटचं पार्टिशन गच्च भरलं होतं म्हणाला. आता नवा ६.८ कर्नेल सुरू होतो, २४.०४ आल्यासारखं दिसतंय.

पण आवाज अजिबात नाही. सेटिंगमध्ये साउंडखाली एकटं 'डमी आउटपुट'. लॅपटॉपचे स्पीकर नाहीत, हेडफोन नाही, हबवरचा इंटरफेससुद्धा दिसत नाही. एका व्हिडिओत 'पाइपवायर काढा, पल्सऑडिओ घाला' असं सांगितलं होतं, तेही करून पाहिलं. डमी तो डमीच.

दुसरं दुखणं सुरू होण्याचं. डिस्कचा पासवर्ड टाकला की कधी सरळ लॉगिनला येतो. कधी लाल तारे इकडून तिकडे पळत राहतात, 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' म्हणत दीड मिनिट मोजतो आणि मग जाहीर करतो, 'यू आर इन इमर्जन्सी मोड'. बटण दाबून बंद करते, पुन्हा लावते. कधी लागतो, कधी नाही. नियम काही सापडत नाही.

शनिवारी वर्ग आहे, मुलं प्रवेशिका पूर्णच्या परीक्षेला बसतायत. तूर्तास फोनवर शिकवतेय, पण फोन लांब धरलेला स्वर म्हणजे गोंगाट समजतो आणि गिळून टाकतो. शिकवायचं काय, कप्पाळ.

झटपट_जळगाव

ताई, रेकॉर्डिंग कॉपी करून घ्या आणि पेन ड्राइव्हवरून २४.०४ नव्यानं टाका. अर्धवट अपग्रेडच्या मागे लागून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. तासाभरात मोकळ्या व्हाल.

संत्रानगरी

डमी आउटपुट म्हणजे बहुतेक साउंड ओपन फर्मवेअरची, म्हणजे इंटेलच्या आवाजाच्या चिपच्या नव्या ड्रायव्हरची भानगड. मॉडप्रोब.डी या ड्रायव्हर-सेटिंगच्या फोल्डरमध्ये एक फाइल करून त्यात 'ऑप्शन्स एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी डीएसपी_ड्रायव्हर=१' ही ओळ टाका आणि रीस्टार्ट मारा. माझ्याकडे याच एका ओळीनं काम झालं होतं.

बूटपॉलिश

ताई, जरा दमानं. फॉरमॅट कुठे पळून जात नाही, आणि संत्रानगरींचं औषध खरं आहे पण दुसऱ्या रोगावरचं. त्याबद्दल खाली लिहितो. आधी थोडं विचारून घेतो.

(कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाका.)

लॅपटॉप सुरू करताना ग्रबचा मेनू काढा. तुमच्या वयाच्या लॅपटॉपवर कंपनीचा लोगो गेल्या गेल्या एस्केप एकदाच दाबायचं. दोनदा दाबलं गेलं तर नुसता 'ग्रब>' असा प्रॉम्प्ट येतो, तिथे 'नॉर्मल' टाइप करून एंटर मारा आणि लगेच पुन्हा एकदा एस्केप. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून भाच्यानं दाखवलेला ५.१५ निवडा आणि सांगा, तिथे आवाज येतो का?

मग ६.८ वर या आणि तिथे 'एलएसपीसीआय -के' चालवा. लांब यादी येईल, त्यात 'ऑडिओ डिव्हाइस' असलेली ओळ शोधा. तिच्याखाली 'कर्नेल ड्रायव्हर इन यूज' असं काही आहे का? शिवाय 'एप्ले -एल' काय म्हणतं तेही कळवा.

६.८ वर वायफाय चालतंय का? आणि स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करायची बटणं?

आणि शेवटचं. इमर्जन्सी मोड येतो तेव्हा हब लावलेला असतो की काढलेला? आठवून सांगा.

पेटीवाली_मिरज

पहिल्याच प्रश्नाला उडाले. ५.१५ वर आवाज येतो! तानपुऱ्याची फाइल लावली तर खणखणीत. भाच्यानं सांगितलं होतं, आता जुन्या कर्नेलवर जायचं नाही, म्हणून तिकडे फिरकलेच नव्हते.

६.८ वर ऑडिओ डिव्हाइसची ओळ आहे, इंटेलचं नाव आहे, पण खाली 'कर्नेल ड्रायव्हर' असं काहीच नाही. ५.१५ वर त्याच जागी 'एसएनडी_एचडीए_इंटेल' आहे. 'एप्ले -एल' ६.८ वर म्हणतं 'नो साउंडकार्ड्स फाउंड'.

वायफाय मी वापरतच नाही, वर्ग तुटतो म्हणून राउटरची केबल लावलेली असते. आत्ता बघितलं तर वायफायचं चिन्हच नाही. उजेडाची बटणंही मेलीत, मला वाटलं कीबोर्ड गेला. खिडक्या सरकवतानाही जरा अडखळतो.

हबचं मात्र खरंच आठवत नाही. आवाजाच्या नादात तो सारखा काढत-घालत होते.

बूटपॉलिश

हबचं उत्तर 'सारखा काढत-घालत होते' यातच आलं. त्याकडे शेवटी येतो.

आधी आवाज. तुमच्या लॅपटॉपवर आवाजाला दोन मजले आहेत. खालच्या मजल्यावर कर्नेल आणि त्याचे ड्रायव्हर, म्हणजे आल्सा. वरच्या मजल्यावर साउंड सर्व्हर, जो ब्राउझर, झूम, ऑडॅसिटी या सगळ्यांचे आवाज गोळा करून खाली देतो. २२.०४ पर्यंत उबुंटूत तिथे पल्सऑडिओ होतं, २२.१० पासून पाइपवायर आहे. जे तुमच्यासारखी एका एलटीएसवरून (दर दोन वर्षांच्या दीर्घकालीन आवृत्तीवरून) पुढच्या एलटीएसवर उडी मारतात त्यांना हा बदल २४.०४ लाच पहिल्यांदा भेटतो, म्हणून आवाज गेला की जो तो पाइपवायरला झोडपतो.

पण तुम्ही ५.१५ वर सुरू केलंत तेव्हा फक्त खालचा मजला बदलला. वरचं सगळं तेच, डिस्क तीच, सेटिंग त्याच. तरी आवाज आला. म्हणजे वरचा मजला निर्दोष. आणि ६.८ वर तर साउंड कार्डाला ड्रायव्हरच नाही. कार्ड दिसतंय, पण त्याच्याशी बोलणारं कुणी नाही. अशा वेळी पाइपवायर काय आणि पल्सऑडिओ काय, बिचारे 'डमी आउटपुट' दाखवण्यापलीकडे काही करू शकत नाहीत.

मग ड्रायव्हर गेला कुठे? वायफाय नाही, उजेड नाही, आवाज नाही, यूएसबी इंटरफेस नाही, पण केबलचं नेट आहे. एवढं ऐकल्यावर मला एकच नाव सुचतं. उबुंटूत कर्नेलचे ड्रायव्हर दोन पॅकेजांत विभागलेले असतात. 'लिनक्स-मॉड्यूल्स' मध्ये सर्व्हर आणि व्हर्च्युअल मशिन चालायला लागतं तेवढं. बाकीचं, म्हणजे घरच्या लॅपटॉपला लागणारं जवळजवळ सगळं, 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' मध्ये. नावात 'एक्स्ट्रा' असल्यानं ते चटणी-लोणच्यासारखं वाटतं, पण डेस्कटॉपवर जेवण तेच आहे.

एक काम करा. /व्हार/लॉग/ॲप्ट या फोल्डरमध्ये 'हिस्टरी.लॉग' नावाची फाइल आहे. रविवारच्या तारखेखाली 'रिमूव्ह' किंवा 'पर्ज' ने सुरू होणाऱ्या ओळी इथे लिहा.

संत्रानगरी, तुमच्या ओळीबद्दल. ज्या लॅपटॉपात डिजिटल माइक इंटेलच्या चिपसेटला जोडलेला असतो तिथे कर्नेल साउंड ओपन फर्मवेअरचा ड्रायव्हर लावतो, आणि फर्मवेअरची फाइल नसेल किंवा जुळत नसेल तर आवाज जातो. तिथे डीएसपी_ड्रायव्हर=१ केलं की जुना एचडीए ड्रायव्हर जबरदस्तीनं लागतो आणि स्पीकर बोलू लागतात. मात्र आतला माइक बहुतेक वेळा मुका होतो. इथे ताईंच्या ५.१५ वर मुळातच एसएनडी_एचडीए_इंटेल होता, त्यामुळे तो प्रश्न उद्भवत नाही. शिवाय जो ड्रायव्हर डिस्कवरच नाही त्याला कितीही ऑप्शन दिले तरी तो कुठून येणार?

पेटीवाली_मिरज

मिळालं. 'कमांडलाइन' च्या ओळीत 'ॲप्ट पर्ज लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा-६.८.०…' आणि त्याखाली गेलेल्यांच्या यादीत तेच, सोबत 'लिनक्स-इमेज-जेनेरिक' आणि 'लिनक्स-जेनेरिक'.

भाच्याला फोन केला. म्हणाला, प्रत्येक कमांडला तेच पॅकेज आडवं येत होतं, 'व्हेरी बॅड इनकन्सिस्टंट स्टेट' असा एरर देत होतं, म्हणून ते काढून टाकलं आणि पुढचं सगळं सुरळीत झालं. त्याला बोल लावू नका हं, रात्री दीड वाजेपर्यंत बसला होता.

बूटपॉलिश

बोल कशाला लावू? पॅनिकमधून बाहेर काढलं ते त्यानंच, फोनवरून, म्हणजे पोरगा तयारीचा आहे. लाईट नेमकी ते पॅकेज उलगडत असताना गेली असणार. असं अर्धवट राहिलेलं पॅकेज डीपीकेजी, म्हणजे पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम, 'आधी नव्यानं बसवा' म्हणून अडवून धरतो. काढून टाकणं ही वाट चूक नव्हती, फक्त नंतर परत घालायचं राहिलं.

आणि पॅनिकचं कारणही त्याच रात्रीचं. कर्नेलची फाइल बूटमध्ये पोचली होती, पण तिच्या जोडीचा इनिटआरडी, म्हणजे डिस्क उघडण्यापुरतं सामान बांधलेली गाठोडी, तयार व्हायचा राहिला होता. अननोन-ब्लॉक (०,०) बहुतेक वेळा हेच सांगतं. तुमची तर डिस्क एन्क्रिप्ट केलेली, गाठोडीशिवाय पासवर्ड विचारणारंही कुणी नाही.

या सगळ्यात माझा डोळा जातो तो 'लिनक्स-जेनेरिक' वर. ते रिकामं पॅकेज आहे, आत काही नसतं, फक्त 'सध्याचा कर्नेल, त्याचे मॉड्यूल आणि एक्स्ट्रा, सगळं आणा' एवढी चिठ्ठी असते. ती चिठ्ठी गेली की कर्नेलचे सुरक्षा अपडेट येणं बंद होतं, आणि तसं कुणी सांगतही नाही. आवाज आणून तुम्ही खूश राहिला असता आणि कर्नेल वर्षभर तिथल्या तिथे. म्हणून नुसतं एक्स्ट्रा घालू नका, चिठ्ठीच परत घाला.

आधी जागा बघा. 'डीएफ -एच /बूट' चालवा. १८.०४ नं एन्क्रिप्शनसाठी केलेलं तुमचं बूट पार्टिशन बहुधा ७०५ एमबीचं असेल. तेव्हा ते भरपूर होतं. आता एकेका कर्नेलमागे शंभर-सव्वाशे एमबी जातात, शिवाय इनिटआरडी नव्यानं बांधताना जुना तसाच ठेवून शेजारी दुसरा तयार होतो, म्हणजे काही क्षण दुप्पट जागा लागते. निदान अडीचशे एमबी मोकळे हवेत.

कमी असतील तर 'डीपीकेजी -एल' च्या यादीत लिनक्स-इमेज शोधा आणि ५.१५ चे जे दोन-तीन असतील त्यातला सगळ्यात नवा ठेवून बाकीचे 'सुडो ॲप्ट पर्ज' नं काढा. बूटमध्ये जाऊन फाइली हातानं उडवायच्या नाहीत, डीपीकेजीच्या वहीत त्या जमा राहतात आणि पुढच्या वेळी तो त्यांना शोधत बसतो. जागाच नसल्यामुळे पर्जही अडलं, तर 'सुडो अपडेट-इनिटरामएफएस -डी -के' आणि पुढे सर्वात जुन्या कर्नेलचा पूर्ण आकडा दिला की त्याची गाठोडी रीतसर निघते, तेवढ्यानं श्वास घ्यायला जागा होते.

मग क्रमानं: 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', 'सुडो ॲप्ट अपडेट', 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-जेनेरिक'. तिसऱ्यात काय काय येणार याची यादी दाखवेल, त्यात मॉड्यूल्स-एक्स्ट्रा दिसतंय याची खात्री करूनच होकार द्या. रविवारपेक्षा नवा ६.८ येण्याची शक्यता आहे, तो आला तर अधिकच चांगलं, आत्ताचा एक्स्ट्राविना लंगडा कर्नेल नंतर काढून टाकू.

नेटवर सगळीकडे 'मॉड्यूल्स-एक्स्ट्रा-डॉलर-कंस-युनेम -आर' असं सापडेल. ती कमांड ज्या कर्नेलवर बसून चालवाल त्याचंच एक्स्ट्रा आणते. तुम्ही ५.१५ वर असताना चालवलीत तर ५.१५ चंच मागेल, ते आधीच आहे म्हणेल, आणि तुम्ही डोकं धरून बसाल.

पल्सऑडिओचं: 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पाइपवायर-ऑडिओ', मग 'सुडो ॲप्ट पर्ज पल्सऑडिओ', आणि लॉगआउट-लॉगइन. 'पॅक्टल इन्फो' मध्ये सर्व्हर नेमच्या पुढे 'पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर १.०…)' असं आलं की झालं. तिथे पल्सऑडिओ वाचून दचकू नका, पाइपवायर जुन्या प्रोग्रॅमांसाठी तो मुखवटा घालतो.

आता हब. तुमच्या रेकॉर्डिंगच्या डिस्कची ओळ /ईटीसी/एफएसटॅब मध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत, आहे का बघा. पैज लावतो, आहे. सिस्टमडीच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सगळं चालू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या हिशेबी तिथे लिहिलेली प्रत्येक डिस्क हजर असायलाच हवी. नसली तर ९० सेकंद वाट बघतो आणि मग सरळ इमर्जन्सी मोड. पूर्वी हब कायम लावलेला असायचा, म्हणून कधी कळलं नाही. आता आवाज तपासायला तुम्ही हब काढता, त्यासोबत डिस्कही जाते. अपग्रेडचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

त्या ओळीत 'डिफॉल्ट्स' लिहिलं असेल, त्याला चिकटून स्वल्पविराम देऊन 'नोफेल' (डिस्क नसली तरी अडू नको) आणि आणखी एक स्वल्पविराम देऊन 'एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस' लिहा. मध्ये कुठेही जागा सोडू नका, एफएसटॅबमध्ये रिकामी जागा म्हणजे पुढचा रकाना. मग 'सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड', आणि हब काढून एकदा सुरू करून बघा.

जुनाखोंड

पल्सऑडिओला आता लोक 'जुनं भरवशाचं' म्हणतात हे वाचून करमणूक झाली. २००८ साली ८.०४ बरोबर ते पहिल्यांदा उबुंटूत आलं तेव्हा आम्ही त्याला घातलेल्या शिव्या याच प्रकारच्या फोरमांवर असतील. तेव्हाही सल्ला हाच होता, 'नवं काढा, जुनं घाला'. फेडोरानं २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीत पाइपवायर आणलं तेव्हा मी तिकडे होतो, आणि सांगतो, रेकॉर्डिंग करणाऱ्याला पाइपवायर सोन्यासारखं. पूर्वी ब्राउझरसाठी पल्स आणि आर्डर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमसाठी जॅक हा वेगळा साउंड सर्व्हर, दोघांची भांडणं सोडवण्यात संध्याकाळ जायची. ताईंनी परत पल्सवर जाऊ नये.

बूटपॉलिश, अपग्रेड लावण्याआधी इन्व्हर्टरचं बघा, हे कुणी बोलतच नाहीये.

बूटपॉलिश

बोलून काय उपयोग खोंडराव, लाईट काय विचारून जाते?

पेटीवाली_मिरज

आवाज आला!! स्पीकर, हेडफोन, इंटरफेस, सगळं. वायफायचं चिन्हही उगवलं आणि उजेडाची बटणं जिवंत झाली. कीबोर्डवाल्याकडे जाणार होते, ते वाचलं.

जागा बघितली, ७०५ एमबीच, त्यात मोकळे ९० सुद्धा नव्हते. ५.१५ चे तीन कर्नेल बसले होते, त्यातले दोन काढले. लिनक्स-जेनेरिकबरोबर खरंच नवा ६.८ आला. एफएसटॅबमध्ये डिस्कची ओळ होती, २०२० साली मीच कुठेतरी वाचून घातलेली. नोफेल लिहिलं, हब काढून सुरू केलं, सरळ लॉगिन.

आता एक बारीक कुसळ उरलंय. शिकवताना मी लॅपटॉपवरून पेटीचा एकेक स्वर वाजवते, मुलांनी लावायचा, मग पुढचा. मध्ये थोडा वेळ शांतता गेली की पुढच्या स्वराची सुरुवातच ऐकू येत नाही. 'सा' वाजवला तर नुसता 'आ' येतो. पाठोपाठ वाजवले तर सगळे नीट. आधी असं नव्हतं. इंटरफेसवरून नाही होत, फक्त लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून.

बूटपॉलिश

वा. आधी खात्री करून घ्या: तानपुरा अगदी बारीक आवाजात मागे चालू ठेवा आणि मग स्वर वाजवा. आता 'सा' पूर्ण येत असेल तर कार्ड झोपी जातंय.

झोपवणारे दोघं आहेत. वायरप्लम्बर हा पाइपवायरचा मुकादम, तो ५ सेकंद शांतता गेली की आउटपुट बंद करतो. दुसरा खाली एसएनडी_एचडीए_इंटेल ड्रायव्हर, वीज वाचवायला तोही चिपला झोपवतो. जागं व्हायला चिपला क्षणभर लागतो आणि तेवढा स्वर जातो. यूएसबी इंटरफेस हा दुसऱ्याच ड्रायव्हरवर चालतो, त्यामुळे आधी खालच्याला धरू.

/ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये 'ऑडिओ-जागं.कॉन्फ' अशी काहीतरी फाइल करा (नाव रोमनमध्ये, शेवटी .कॉन्फ हवंच) आणि आत एकच ओळ: 'ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०'. रीस्टार्ट करून /सिस/मॉड्यूल/एसएनडी_एचडीए_इंटेल/पॅरामीटर्स/पॉवर_सेव्ह ही फाइल 'कॅट' नं वाचा, ० दिसायला हवा.

तरीही स्वर तुटला तर मुकादमाला समजवावं लागेल. 'सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स' ला ० द्यायचं. ते कुठे लिहायचं यात मात्र घोळ आहे. २४.०४ मध्ये वायरप्लम्बर ०.४ आहे आणि त्याचे नियम लुआ भाषेच्या फाइलींत, होमच्या .कॉन्फिग/वायरप्लम्बर/मेन.लुआ.डी मध्ये लिहितात. ०.५ पासून ते बदलून साध्या .कॉन्फ फाइली झाल्या, आणि नेटवरची आताची बरीच उत्तरं ०.५ ची आहेत. ती २४.०४ वर चिकटवली तर एरर येत नाही, काही होतच नाही. लागलं तर सांगा, फाइल लिहून देतो.

आणि पेटी वाजवताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो का? पाइपवायर एका वेळी आवाजाच्या ठरावीक १०२४ नमुन्यांचा घास घेतं, सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या दरानं तो २१ मिलिसेकंदांचा होतो. २५६ केला तर ५ च्या जरा वर. पण तुमच्या इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' चं बटण असेल तर या फंदात पडूच नका, ते बटण दाबलं की तुमचा आवाज लॅपटॉपात न जाता परस्पर हेडफोनला मिळतो.

पेटीवाली_मिरज

तानपुऱ्याची परीक्षा पास, म्हणजे मागे चालू असताना 'सा' अख्खा येतो. पॉवर_सेव्हची ओळ टाकली, आता तानपुरा बंद ठेवूनही येतो. मुकादमाला हात लावायची गरज पडली नाही.

डायरेक्ट मॉनिटरचं बटण इंटरफेसच्या मागे आहे. एवढी वर्षं ते कशाला आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. भाच्याला हा सगळा धागा पाठवलाय, आणि तो लंगडा कर्नेल तोच काढणार आहे म्हणतो, मी काढू नये असा निरोप आहे.